देवळालीकर मास्तरांचा वर्ग

इंदूरहून उज्जैनला जाणारा रस्ता सांवेर गावावरून जातो, म्हणून इंदूरची माणसे त्याला सांवेर रोड म्हणतात. बाहेरच्या भाविकांना सांवेर म्हटले की तिथला उलटा हनुमान आठवतो. इंदूरकरांना मात्र सांवेर रोड म्हटले की कारखाने आठवतात. शहर मागे पडू लागले की औद्योगिक वसाहत सुरू होते. औषधाच्या गोळ्या, प्लास्टिकचे डबे, नमकीन, पुठ्ठ्याची खोकी, काय काय तिथे तयार होत असते. एका वळणावर तळलेल्या शेवेचा वास येतो, दुसऱ्या वळणावर कसल्याशा रसायनाचा. आपल्या कुंडईची किंवा वेर्ण्याची वसाहत ज्याने पाहिली आहे त्याला सांवेर रोड परका वाटणार नाही. फक्त इथे माड नाहीत आणि धूळ भरपूर आहे.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन इंदूरला गेली त्याला तीसहून अधिक वर्षे झाली. मेहुणे सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात आहेत. तिथे औषधांची आणि मिठाईची खोकी छापली जातात. मी काजू आणि कोकमे घेऊन चार दिवस तिच्याकडे गेलो होतो. दुसऱ्याच रात्री जेवणाच्या पानावर बापलेकांचे वाजले. भाच्याची बारावी झाली होती. त्याला व्हिडिओ गेममधली चित्रे काढण्याच्या धंद्यात शिरायचे आहे. ‘गेम आर्टिस्ट’ हा त्याचा शब्द. मेहुण्यांचे म्हणणे असे की आधी रीतसर पदवी घे, मग काय ते कर. मधल्या मध्ये शहरातल्या कुठल्याशा खासगी शिकवणीवाल्यांनी एक रंगीत पत्रक हातात दिले होते. त्यात फी लाखांत होती आणि नोकरीची हमी ठळक अक्षरांत होती. भाच्याला कॉलेजही नको होते आणि ही शिकवणीही नको होती. सगळे इंटरनेटवर फुकट शिकता येते, ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअरही फुकट मिळते, मग पैसे कशाला घालवायचे, हा त्याचा सवाल.

‘मामा, तुम्हीच सांगा,’ तो म्हणाला, ‘हुसेन कुठल्या कॉलेजात गेले होते? आणि ते तर आपल्या इंदूरचेच!’

‘हुसेन लाखात एक,’ मेहुणे म्हणाले, ‘बाकीच्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवांचे काय झाले ते कोण सांगणार?’

दोघांचेही मला पटले, आणि म्हणूनच त्या रात्री झोप लागली नाही. मी काही चित्रकार नव्हे. एलिमेंटरीची परीक्षा कशीबशी पास झालेला माणूस. पण जुन्या गोष्टी चाळत बसण्याची खोड आहे. भाच्याने हुसेनना साक्षीला बोलावले होते, तर त्यांची साक्ष नीट काढावी असे वाटले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

आधी हा धंदा काय आहे ते समजून घेऊ. माझ्या पिढीच्या वाचकांना तो सांगावा लागेल, नातवंडांना नको. गेममध्ये एखादा योद्धा असतो. तो कसा दिसेल याची कच्ची चित्रे एकजण काढतो. दुसरा त्या चित्रावरून संगणकात त्याची मूर्ती घडवतो, म्हणजे मातीऐवजी हजारो छोट्या त्रिकोणांची मूर्ती. तिसरा त्या मूर्तीवर कातडे, कापड, गंज, धूळ चढवतो. चौथा तिच्या आत हाडांचा सांगाडा बसवून तिला चालायला लावतो. कोणी किल्ले आणि जंगले उभारतो, कोणी पडद्याच्या कोपऱ्यातली चिन्हे आणि बटणे काढतो. भारतात हे काम नवे राहिलेले नाही. बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी 1997 साली सुरू झाली आणि परदेशी गेमसाठी चित्रकाम करून देत वाढली. 2019 साली रॉकस्टार या बड्या कंपनीने ती विकत घेतली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ नावाचा गेम 2020 साली आणला. त्याची पार्श्वचित्रे पहाडी लघुचित्रांच्या वळणाची आहेत आणि कथेचे काही भाग छायाबाहुल्यांसारखे उलगडतात.

पण खेळासाठी चित्रे काढणे ही काही विसाव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट नाही. त्यासाठी आपल्याला गोव्याची वेस ओलांडून फार लांब जावे लागत नाही. पत्रादेवीच्या पलीकडे बांदा, त्याच्या पुढे सावंतवाडी. तिथला गंजिफा आपल्यापैकी अनेकांनी राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये पाहिला असेल. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. बाबराने 1527 साली सिंधमधल्या एका मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे हा खेळ दख्खनेत आला आणि त्याने दशावतारांचा वेष घेतला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, मिळून 120.

या पत्त्यांकडे आपण कलाकुसर म्हणून पाहतो, पण ती आधी खेळाची साधने होती. पाच रंगांत एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या पाचांत तोच एक्का प्रधानाच्या खालोखाल मोठा. दिवसा खेळ बसला तर रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री बसला तर कृष्णाच्या. असा गुंतागुंतीचा खेळ समईच्या उजेडात चालायचा. खेळणाऱ्याला हातातला पत्ता मासा आहे की कासव हे एका नजरेत कळले पाहिजे, राजा आणि प्रधान दुरून वेगळे दिसले पाहिजेत. चिताऱ्याला केवळ सुंदर चित्र काढून भागत नव्हते, त्याला खेळ ठाऊक असावा लागत होता. आजचा गेम काढणाराही हेच करतो. शेकडो शत्रूंच्या गर्दीत आपला कोण आणि परका कोण हे केवळ बाह्याकृतीवरून कळावे म्हणून तो आकृतीची बाहेरची रेघ पुन्हा पुन्हा घासत बसतो.

सावंतवाडीचा चितारी हे कुठे शिकला? घरात. बापाने खळ शिजवली, कापडाचे थर चिकटवले, पांढरी चढवली, घासून गुळगुळीत केली, मुलाने पाहिले. आधी लाखेचा हात द्यायला मिळाला, मग सपाट रंग भरायला, शेवटी तोंडे काढायला. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांकडे लाकडावरच्या लाखकामाची विद्या अशीच चालत आली. हे शिक्षण नव्हते असे कोण म्हणेल? मात्र ते एकाच कामाचे शिक्षण होते. छापील विलायती पत्ते स्वस्तात मिळू लागले तेव्हा गंजिफा मागणारे संपले, आणि गंजिफ्यापलीकडे त्या हाताला दुसरी वाट दाखवणारे कोणी नव्हते. सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी, ती कला पुन्हा उभी केली तेव्हा जुने जाणकार जवळजवळ उरलेच नव्हते. राजवाडा पाठीशी उभा राहिला म्हणून गंजिफा वाचला. प्रत्येक कलेच्या वाट्याला राजवाडा येत नाही.

आता पुन्हा इंदूर. होळकरांच्या या राजधानीत 1927 साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर नावाच्या मराठी चित्रकाराने चित्रकलेचे वर्ग सुरू केले. ते स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेले. जे. जे. 1857 सालचे, तेव्हा त्याची सत्तर वर्षे भरलेली. इंदूरच्या या वर्गाला तशी काहीच पूर्वपुण्याई नव्हती. पण त्यातून कोण कोण बाहेर पडले पाहा. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णू चिंचाळकर, आणि संध्याकाळच्या वर्गाला येणारा एक गिरणीवाल्याचा मुलगा, मकबूल फिदा हुसेन. एका संस्थानी शहरातल्या एका मास्तरांच्या हाताखालची ही नावे आहेत. आजही इंदूरच्या कलादालनाला देवळालीकरांचे नाव आहे.

भाच्याच्या साक्षीदाराची गोष्ट इथे जरा बदलते. हुसेन पंढरपूरचे, जन्म 1915 चा. आई अगदी लहानपणी गेली. वडील इंदूरला कापड गिरणीत नोकरी करीत. हुसेन अनवाणी हिंडले, मुंबईला जाऊन फुटावर काही आण्यांच्या हिशोबाने सिनेमाचे फलक रंगवले, फुटपाथवर दिवस काढले, हे सगळे खरे. पदवी-पदविका त्यांच्या नावावर नाही हेही खरे. पण म्हणून ते न शिकलेले होते असे नाही. चाळीस चाळीस फुटांच्या फलकावर नटीचा चेहरा न बिघडता उतरवायचा तर रेषेवर हुकमत लागते, आणि तिचा पाया फलकावर चढण्याआधी इंदूरच्या संध्याकाळच्या वर्गात घातला गेला होता. दंतकथेने फुटपाथ लक्षात ठेवला आणि वर्ग विसरला. दंतकथांचे असेच असते.

आणखी एक गोष्ट तर मला मेहुण्यांना मुद्दाम सांगावीशी वाटली. बेंद्रे हे हुसेनपेक्षा पाच वर्षांनी मोठे, इंदूरचेच. हुसेनांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे की तरुणपणी त्यांनी बेंद्रेंना रस्त्यावर उभे राहून चित्र काढताना पाहिले, ओळख केली आणि त्यांना घरी आणले. बेंद्रेंनी मुलाची चित्रे पाहिली आणि वडिलांना समजावले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या घरातही एक काळजीत पडलेला बाप होता, चित्रांपायी वेडा झालेला मुलगा होता, आणि मध्यस्थी करायला बाहेरचा माणूस लागला होता. फरक इतकाच की तो बाहेरचा माणूस स्वतः चित्रकार होता आणि चित्र पाहून निवाडा देऊ शकत होता. माझ्यासारखा काजू घेऊन आलेला मामा नव्हता!

हुसेनांच्या आयुष्यात खेळणीही आली. 1941 च्या सुमारास लग्नानंतर फलकांचे काम सोडून ते मुंबईत फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. तिथे मुलांच्या खोल्यांचे सामान आणि लाकडी खेळणी यांचे आराखडे ते काढीत. काही वर्षे त्यांचा संसार या खेळण्यांवर चालला. खेळासाठी आकार घडवून पोट भरणारा इंदूरकर हवा असेल तर भाच्याला तो हुसेनांमध्येच सापडेल. पुढच्या त्यांच्या घोड्यांच्या आणि माणसांच्या ठसठशीत, कापून काढल्यासारख्या आकारांत त्या खेळण्यांचे काही उरले आहे असे मला नेहमी वाटते.

बेंद्रेंची वाट याच्या अगदी उलट. देवळालीकरांकडे शिकून त्यांनी 1933 साली मुंबईची सरकारी पदविका मिळवली. काश्मीर सरकारच्या प्रवासी खात्यासाठी चित्रकार म्हणून काम केले. आणि 1950 साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला तेव्हा चित्रकलेचे प्रमुख म्हणून ते तिथे गेले. आपल्या देशात चित्रकलेला विद्यापीठाच्या पदवीचा दर्जा मिळाला तो बडोद्यापासून. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, शांती दवे असे चित्रकार त्या विभागातून घडले. गंमत पाहा. देवळालीकरांच्या वर्गातला एक विद्यार्थी पदवीशिवाय जगप्रसिद्ध झाला आणि दुसऱ्याने देशाला चित्रकलेची पदवी दिली. भाचा आणि मेहुणे दोघेही एकाच वर्गात बसलेले आहेत, असे मला वाटले.

चिंचाळकरांची तिसरीच तऱ्हा. इंदूर त्यांना गुरुजी म्हणत असे. 2000 साली ते गेले. वाळलेली पाने, लाकडाचे ढलपे, तुटक्या वस्तू, काहीही त्यांच्या हाती आले की त्यातून पक्षी, चेहरा, गणपती उगवायचा. मुलांना ते शिकवायचे ते रेघ काढायला नव्हे, पाहायला. कचऱ्यात आकार दिसू लागला की पोर चित्रकार झालेच, अशी त्यांची श्रद्धा. हे शिक्षण कुठल्या अभ्यासक्रमात बसवायचे? आणि ते नसेल तर अभ्यासक्रमाचा उपयोग काय?

इथे एखादा गोमंतकीय वाचक म्हणेल, इंदूरचे झाले, आपले काय? आपलेही असेच आहे. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप निघाला तो आपल्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझाच्या पुढाकाराने. सोझाला 1945 साली जे. जे. मधून काढून टाकलेले. त्या गटातले सहाजण ओळीने पाहिले तर मौज वाटते. सोझा काढलेला, हुसेन पदविकेविना, आरा घरकामाला राहून स्वतःच्या हिमतीने चित्रे काढणारा. दुसऱ्या बाजूला रझा नागपूरच्या शाळेत आणि जे. जे. मध्ये शिकलेला, बाकरे शिकलेला शिल्पकार, गाडे चित्रे शिकलेला मास्तर. निम्मे कागद असलेले, निम्मे नसलेले. भिंतीवर चित्रे लागली तेव्हा कोणी कागद विचारला नाही.

लोटलीच्या मारिओ मिरांडाची गोष्ट तर घरोघरी ठाऊक आहे. लहानपणी भिंती रंगवल्या म्हणून आईने कोरी वही दिली आणि तो तीत गाव काढीत राहिला. कॉलेजात शिकला तो इतिहास, चित्रकला नव्हे. मुंबईत चार वर्षे जाहिरातीच्या कचेरीत काढली. उलट मडगावचे लक्ष्मण पै जे. जे. चे पदविकाधारक, पॅरिसला दहा वर्षे राहिलेले, आणि 1977 ते 1987 आपल्या गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य. आल्तिनोवरचे हे महाविद्यालय 1972 चे. त्यामुळे गोव्याच्या मुलाला चित्र शिकायचे तर मुंबईची बोट किंवा बस पकडावी लागते, ही सक्ती संपली. मारिओला महाविद्यालयाची गरज पडली नाही. पण मारिओला लोटलीचे घर होते, कोरी वही आणून देणारी आई होती. ज्याच्या घरी भिंतच धड नाही त्या मुलाला आल्तिनोचा तो वर्ग म्हणजेच आईने दिलेली वही.

एवढे सगळे चाळल्यावर मला वाटते की ‘औपचारिक शिक्षण हवे की नको’ हा प्रश्नच जरा वाकडा आहे. त्यात दोन वेगळ्या वस्तूंची एकच मोट बांधलेली आहे. एक म्हणजे कागद, दुसरी म्हणजे तालीम. कागदाशिवाय माणसे मोठी झाली याचे दाखले ढीगभर आहेत. तालमीशिवाय मोठा झालेला एकही मला सापडला नाही. हुसेनना देवळालीकरांचा वर्ग होता, मग फलकांवरची वर्षे होती. चिताऱ्याला बापाचे घर होते. मारिओला वर्षानुवर्षे रोज भरलेल्या वह्या होत्या. आराची जिद्द होती, पण त्याचे काम पाहून बोलणारी माणसेही भेटली. कोणीतरी खांद्यावरून डोकावून ‘हा हात आखूड झाला’ असे सांगणारा लागतो. इंटरनेटवरचे धडे सगळे सांगतात, पण तुझाच हात आखूड झाला हे त्यांना दिसत नाही.

गेमच्या धंद्यात तर हे उघड आहे. कंपन्या उमेदवाराकडे आधी पोर्टफोलिओ मागतात, म्हणजे त्याने केलेल्या कामाची निवडक वही. ती आवडली तर एक परीक्षा देतात. अमुक दिवसांत अमुक वस्तू घडवून दाखव. तिथे गुणपत्रिका मागे पडते. सॉफ्टवेअर कुठले येते याची चौकशी होते, पण खरी पारख होते ती वेगळ्याच गोष्टींची. माणसाचे वजन कुठल्या पायावर आहे हे कळते का, उजेड कुठून येतो हे कळते का, मान खांद्याला कशी मिळते ते कळते का. शरीररचना, यथार्थदर्शन, छायाप्रकाश. 1927 साली इंदूरच्या वर्गात जे शिकवले जात होते तेच.

मग कागदाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि ती नाकारणे हा भरल्या पोटाचा विलास ठरेल. सरकारी नोकरी, कॉलेजातली शिक्षकी, पुढचे शिक्षण यांना पदवी लागते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात गेम डिझाइनचा अभ्यासक्रम आहे, तो पदव्युत्तर आहे, म्हणजे आधी पदवी हवी. अमेरिकेत कामाला जायचे तर एच-वन-बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव दाखवावा लागतो. हुसेनांच्या चित्राला व्हिसा लागत नव्हता, पण पगारी माणसाला लागतो. शिवाय ज्याच्या घराण्यात कोणी चित्रकार नाही, ज्याची ओळखपाळख नाही, त्याला कागद दारापर्यंत तरी नेतो. बेंद्रेंसारख्या माणसाला पदविकेने एक दार उघडून दिले आणि त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी अख्खा वाडा बांधला.

तिसरी एक गोष्ट मला मेहुण्यांनी शिकवली. दुसऱ्या दिवशी ते मला सांवेर रोडला कारखाना दाखवायला घेऊन गेले. यंत्रातून मिठाईची खोकी धडाधड बाहेर पडत होती. एका भिंतीवर जुनी, हाताने रंगवलेली एक मूळ पाटी टांगलेली होती. पेढ्याच्या खोक्यावरची गवळण. ‘ही आमच्या पेंटरबाबूंची,’ ते म्हणाले. ‘अक्षरे, चित्रे, सगळे हाताने करायचे. सतरा-अठरा वर्षे होते. संगणक आला तसे मालकांनी त्यांना सांगितले, हे शिकून घ्या. त्यांना जमले नाही. म्हणजे संगणक जमला नाही असे नाही, नवीन काही काढायलाच जमेना. त्यांना ही गवळण येत होती, हा गणपती येत होता, आणि दहा-बारा वळणाची अक्षरे. तेवढेच. मग गेले ते.’ थोडे थांबून म्हणाले, ‘याचे तसे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. पदवीचे मला तरी कुठे काय कळते?’

रात्रीच्या भांडणामागे ही गवळण होती हे मला तेव्हा कळले. पदवी हे त्यांच्या काळजीचे नुसते नाव होते.

पेंटरबाबूंचे जे झाले ते एकट्याचे नव्हे. फ्लेक्सची छपाई आली तेव्हा गावोगावचे फलक रंगवणारे बसून गेले. त्याआधी छापील पत्त्यांनी गंजिफा बसवला होता. आता चित्रे काढून देणारी यंत्रबुद्धी आली आहे आणि गेमच्या कंपन्यांतही तिची चर्चा नाही असा दिवस जात नाही. जो फक्त एक सॉफ्टवेअर शिकला तो त्या सॉफ्टवेअरबरोबर जाईल. पेंटरबाबू गवळणीबरोबर गेले तसाच. जो पाहायला शिकला तो हत्यार बदलून पुन्हा उभा राहील. लाखांची फी मागणाऱ्या त्या रंगीत पत्रकात मी बारकाईने पाहिले. सॉफ्टवेअरची आठ-दहा नावे होती. माणूस समोर बसवून चित्र काढण्याचा तास एकही नव्हता. भाचा ते नको म्हणत होता, ते बरोबरच होते. पण त्याचे कारण वेगळे हवे होते.

परत येताना मेहुण्यांनी गाडी सांवेर रोडवरच्या एका चहाच्या टपरीपाशी थांबवली. पाळी सुटली होती. हमाल ट्रकमध्ये खोकी चढवत होते. एकजण पाठीवर सात-आठ खोक्यांची चळत घेऊन फळीवरून वर जात होता. गुडघे किंचित वाकलेले, मान पुढे, एक हात मागे वळवून चळतीला टेकू दिलेला. आमच्याबरोबर आलेला भाचा मोबाइलमध्ये काहीतरी पाहत होता. मी त्याला म्हटले, ‘त्याचा फोटो काढू नकोस. काढ बघू त्याला.’ त्याने बिलाच्या पाठीवर काढला. खोकी छान आली. माणूस मात्र पोत्यासारखा आला, त्या वजनाखाली तो कधीच कोसळला असता. भाच्यालाही ते दिसले. तो पुष्कळ वेळ गप्प होता.

मेहुण्यांनी तो कागद घेतला, नीट पाहिला आणि म्हणाले, ‘याचा पाय घसरतो आहे.’ चित्रकलेचा एकही तास न बसलेला माणूस, पण तीस वर्षे रोज ते हमाल पाहत आलेला. घरात मास्तर होता, तो कोणाच्या लक्षात आला नव्हता.

मी गोव्याला परतलो तेव्हा काही ठरलेले नव्हते. पत्रक मात्र रद्दीत गेले होते. इंदूरच्या सरकारी ललितकला महाविद्यालयाचा अर्ज आणायचा असे भाचा म्हणत होता, आणि प्रवेश मिळाला नाही तर काय, याचे उत्तर त्याच्यापाशी तरी नव्हते. रविवारी मात्र तो वही घेऊन सांवेर रोडला जातो असे बहीण फोनवर सांगते. परवा त्याने एका पानाचा फोटो पाठवला. पानावर सोळा हमाल होते, सगळे खोकी वाहणारे. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘बाबा म्हणाले, यातले तीन उभे राहतील.’